सप्तमीचे शेगाव, चतुर्दशीचे वेरूळ

माघ वद्य सप्तमी आणि माघ वद्य चतुर्दशी या दोन तिथींमध्ये अंतर अवघ्या सात दिवसांचे. पहिली तिथी शेगावनिवासी श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनाची, दुसरी महाशिवरात्रीची. वऱ्हाडातील भाविक घरांतून हा संपूर्ण आठवडाच एखाद्या सणासारखा पाळला जातो. सप्तमीपूर्वी घरात ग्रंथाचे पारायण होते, सप्तमीला शेगावी जाऊन समाधीचे दर्शन घडते आणि मग शिवरात्रीच्या निमित्ताने एखादे ज्योतिर्लिंग गाठण्याचा विचार मनात येतो. शेगावहून निघणाऱ्या अनेकांच्या दृष्टीने सोयीचे ज्योतिर्लिंग म्हणजे वेरूळचे श्रीघृष्णेश्वर. घृष्णेश्वराला गेलेले कुटुंब हाकेच्या अंतरावर असलेल्या लेण्यांकडे वळल्यावाचून सहसा परतत नाही.

येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. हे कुटुंब लेण्यात कोणत्या नात्याने प्रवेश करते? शेगावच्या रांगेत ते भाविक असते, घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यातही ते भाविकच असते. परंतु लेण्यांच्या तिकिटाच्या खिडकीपाशी पोहोचताच त्याच्या मनोवृत्तीत काहीतरी बदल होतो. आवाज चढतात, मुले मोकाट सुटतात, छायाचित्रांची घाई सुरू होते. जणू देवदर्शन आटोपले आणि आता सहलीला प्रारंभ झाला! वास्तविक ज्या कैलास लेण्यात ते पाऊल टाकीत असते तेही शिवमंदिरच आहे, आणि त्याच्या गाभाऱ्यातही शिवलिंगच विराजमान आहे. मग हा फरक कशासाठी? या फरकामुळे आपण काय गमावीत आहोत आणि त्या प्राचीन पाषाणाचे काय नुकसान करीत आहोत, याचा विचार या पर्वकाळी करावा असे आम्हांस वाटते.

भुयारातील शांतता

प्रथम शेगावचाच दाखला घेऊ. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी महाराज शेगावात प्रथम दृष्टीस पडले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांनी समाधी घेतली. या बत्तीस वर्षांच्या चरित्राची कथा दासगणू महाराजांनी 'श्रीगजानन विजय' ग्रंथाच्या २१ अध्यायांत सांगितली आहे आणि ती महाराष्ट्रातील असंख्य घरांत नित्य वाचली जाते. महाराजांची समाधी भुयारात आहे. वर श्रीरामाचे मंदिर आणि खाली समाधी, अशी ही रचना आहे. दर्शनार्थी पायऱ्या उतरून खाली जातो. बाहेरचा उजेड मागे राहतो, बोलणे आपोआप मंदावते, आणि समाधीसमोर उभे राहण्यास मिळालेले ते थोडे क्षण त्याला पुष्कळ काळ पुरतात.

खाली उतरून देवापाशी जाण्याचा हा अनुभव आपल्या परंपरेला नवा नाही. ब्रह्मगिरीच्या गुहेत निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. उपनिषदांनी परमात्म्याचे स्थान सांगताना हृदयाला गुहेचीच उपमा दिली. इतकेच नव्हे, तर आपल्या प्रत्येक देवळाचा गाभारा हाही एका अर्थी गुहाच होय. वर पर्वतासारखे शिखर, आणि त्याच्या पोटात लहान, अंधारी, एका दिव्याच्या प्रकाशाची खोली. ज्यांनी डोंगर कोरून देवालये केली त्यांनी देवळाची ही मूळ कल्पनाच प्रत्यक्षात उतरविली. म्हणून शेगावच्या भुयारात उतरणारा आणि वेरूळच्या लेण्यात शिरणारा यात्रिक एकाच वाटेवरचा आहे असे आम्ही मानतो.

शेगावच्या त्या शांततेमागे शिस्तही आहे, हे विसरता कामा नये. हजारो सेवाधारी वेतनाची अपेक्षा न ठेवता आपापल्या पाळीने सेवेस येतात. कोणी रांग सांभाळतो, कोणी फरशी पुसतो, कोणी महाप्रसादाच्या पंगतीत वाढतो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिवंगत झालेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी संस्थानाच्या कारभाराला जे वळण लावले त्याची वाखाणणी महाराष्ट्रात सर्वत्र होते. त्या वळणाचा परिणाम असा की, आपल्या गावातील रस्त्यावर बेफिकिरीने कागद टाकणारा मनुष्यही शेगावी आला म्हणजे केळ्याची साल हातात धरून टोपली शोधू लागतो. तेथे त्याला कोणी दरडावीत नाही. सभोवतालची स्वच्छताच त्याला लाजविते. आमचे म्हणणे एवढेच, की सप्तमीला अंगी बाणलेले हे वळण चतुर्दशीपर्यंत तरी टिकावे.

माहेर आणि सासर यांची वाट

शेगावहून वेरूळकडे जाणारी वाट खामगाव, चिखली, देऊळगाव राजा आणि जालना या गावांवरून छत्रपती संभाजीनगरास पोहोचते. तेथून पुढे वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. या वाटेवरून जाणाऱ्याने देऊळगाव राजाजवळ थोडी वाकडी वाट करून सिंदखेड राजाला अवश्य जावे. ते राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. वेरूळ हे भोसले घराण्याचे गाव. शहाजीराजांचे पिते मालोजीराजे यांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने आजचे मंदिर उभे राहिले. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातून वेरूळला जाणारी ही वाट जिजाऊंच्या माहेराहून त्यांच्या सासरच्या मूळ गावी जाते. सहली आखणाऱ्यांच्या पत्रकांत ही गोष्ट सहसा छापलेली नसते. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी ती मुलांना गाडीतच सांगितली, तर वेरूळला उतरताना त्या मुलांची नजर वेगळी असेल.

वऱ्हाडचा आणि वेरूळचा आणखी एक ऋणानुबंध जुन्या मराठी ग्रंथात सांगितलेला आहे. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या, राजाची कथा येते. राजाची व्याधी दूर व्हावी म्हणून राणीने शंकराला नवस केला आणि देवालय बांधून त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरले. व्याधी दूर झाली. पण देवालय बांधावयास तर वर्षे लागणार, आणि तोवर राणी उपाशी कशी राहणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यापासून कोरण्यास प्रारंभ केला, सर्वांआधी शिखर सिद्ध केले आणि आठवड्याच्या आत राणीचे व्रत सुटले.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत आकारास आले असे अभ्यासक मानतात, आणि एवढे काम एका आठवड्यात होणे शक्य नाही, हे लहान मुलालाही समजते. तथापि या कथेच्या पोटात एक सत्य सुरक्षित राहिले आहे. कैलास लेणे खरोखरच वरून खाली कोरीत नेलेले आहे. शिखर आधी, पाया मागाहून! लोकांनी हे शिल्परहस्य एका उपाशी राणीच्या व्रताच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात ठेवले. शिवरात्रीचा उपवास धरून कैलासासमोर उभ्या राहणाऱ्या आमच्या माताभगिनींना या राणीची आठवण व्हावी, हे किती उचित आहे!

कोरलेले परत जोडता येत नाही

वेरूळच्या लेण्यांची क्रमांकवारीने गणना ३४ आहे. त्यांतील पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ ही हिंदू आणि ३० ते ३४ ही जैन. कैलास हे १६वे. त्याचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असून मागील कडा १०० फुटांहून उंच आहे. एवढा डोंगर छिन्नी-हातोड्याने पोखरून मध्ये मंदिर शिल्लक ठेवले आहे. शिल्लक ठेवले, हाच शब्द योग्य. कारण येथे दगडावर दगड रचलेला नाही. नको होता तो दगड काढला आणि हवा होता तो राहू दिला.

रचलेल्या देवळात एखादा दगड फुटला तर तो बदलता येतो. कोरलेल्या देवळात ती सोय नाही. हत्तीची सोंड कोरताना एक घाव वाकडा पडला असता तर त्या कारागिराला तो पुसता आला नसता. म्हणून प्रत्येक घाव घालण्यापूर्वी त्याने केवढा विचार केला असेल, याची कल्पना करावी. प्रांगणात दोन्ही बाजूंस उभे असलेले भव्य हत्ती आज भंगलेले आहेत, त्यांच्या सोंडा नाहीशा झाल्या आहेत. त्या पुन्हा कोणासही जोडता येणार नाहीत. दक्षिण बाजूच्या भिंतीवर रामायणातील आणि उत्तर बाजूस महाभारतातील प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. त्यांतील लहानशा आकृतीचे नाक झिजले तर तेही कायमचेच गेले.

आणि ज्यांनी हे केले त्यांची नावे कोठे आहेत? राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात, इ. स. ८१२च्या सुमाराच्या, या देवालयाची स्तुती आहे. विमानातून जाणारे देवही ते पाहून चकित झाले आणि खुद्द ते घडविणाऱ्या शिल्पकारालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, असा तिचा भाव आहे. परंतु त्या शिल्पकाराचे नाव मात्र तेथे नाही. ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांनी नावाचा मोह धरला नाही. आणि तासाभरासाठी येणारा आमचा एखादा तरुण खिशातील किल्लीने खांबावर आपले आणि आपल्या प्रियेचे नाव कोरून जातो! घरच्या देव्हाऱ्यावर तो असे कधी करील काय? शेगावच्या समाधीच्या भिंतीवर असे करण्याचा विचार तरी त्याच्या मनास शिवेल काय? नाही. कारण तेथे देव आहे अशी त्याची खात्री असते. येथे ती खात्री कोणी करून दिलेली नसते. मूळ दुखणे हे आहे.

पूजा नाही म्हणून देव नाही काय?

यावर काही भाविक मंडळी एक आक्षेप घेतात. तो प्रामाणिक असल्यामुळे त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, "कैलासात शिवलिंग आहे, पण तेथे नित्य पूजा नाही, अभिषेक नाही, आरती नाही, घंटानाद नाही. सरकारनेच त्याचे पुराणवस्तुसंग्रहालय करून टाकले. मग लोक प्रेक्षकांसारखे वागले तर दोष कोणाचा? पूजा सुरू करा, म्हणजे भक्तिभाव आपोआप येईल."

या म्हणण्यातील कळकळ आम्हांस मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. कायदा पूजेच्या विरुद्ध आहे ही समजूत प्रथम दूर झाली पाहिजे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचे लेणे आहे. तेही राष्ट्रकूटांच्या काळातील, तेही संरक्षित स्मारक. परंतु तेथे पूजा चालते आणि शिवरात्रीला भाविकांची दाटी होते. जेथे पूजेची परंपरा चालू राहिली तेथे ती थांबविण्यात आली नाही. वेरूळच्या कैलासात मात्र नित्यपूजेची परंपरा फार पूर्वीच खंडित झालेली होती. तिची पुनःस्थापना करावयाची म्हणजे रोजचे दूध, दही, मध, तेल, हळद, कुंकू, धूप आणि समया यांची सोय करावी लागेल, आणि तीही अशा शिल्पांच्या सान्निध्यात, की ज्यांच्यावरील गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही काही ठिकाणी टिकून आहेत. मंदिराच्या छतावरील रंगकामामुळेच कैलासाला रंगमहाल असेही म्हणत असत. धूर आणि ओल यांपुढे असा रंग फार दिवस टिकत नाही.

याबाबतीत जिवंत देवस्थानांचा अनुभवही ध्यानात घ्यावा. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० साली भाविकांनी लिंगास हाताने घासू नये अशा प्रकारचे निर्देश न्यायालयास द्यावे लागले. आपल्या पंढरीच्या विठुरायाच्या चरणांची झीज थांबविण्यासाठी मूर्तीवर एकाहून अधिक वेळा वज्रलेप करावा लागला. लाखो भक्तांच्या प्रेमळ हातांनी पाषाणही झिजतो. पंढरपुरास किंवा उज्जयिनीस ही झीज आपण भक्तीची किंमत म्हणून सोसतो, कारण तेथे अखंड उपासना आहे आणि ती चालविणारी व्यवस्थाही आहे. जेथे ती परंपरा नाही तेथे नव्याने ही झीज ओढवून घेणे हे आम्हांस भक्तीचे लक्षण वाटत नाही.

मग कैलासातील महादेव अपूज्यच राहावा काय? मुळीच नाही. आपल्या धर्माने पूजेचे अनेक प्रकार सांगितले आहेत आणि मानसपूजा हा त्यांपैकी अत्यंत थोर प्रकार होय. आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले शिवमानसपूजा स्तोत्र अनेक घरांतून म्हटले जाते. त्यात आसन, स्नान, वस्त्र, नैवेद्य, संगीत, सारे काही मनानेच अर्पण करावयाचे असते. लेण्यातील शिवासाठी याहून योग्य पूजा कोणती? तेथे हात जोडून दोन मिनिटे निश्चल उभे राहावे, डोळे मिटावे, मनात जलधारा धरावी आणि मनातच बिल्वपत्र वाहावे. या पूजेने पाषाणाचा कणही झिजत नाही आणि पूजकाचे मन मात्र उजळून निघते. घृष्णेश्वरी हाताने पूजा करावी, कैलासात मनाने करावी. दोन्ही ठिकाणी भक्त एकच, देवही एकच.

पत्रावळीचा धडा

आता थोडे अप्रिय वाटेल ते सांगणे भाग आहे. शिवरात्रीच्या सुमारास वेरूळच्या परिसरात मोठी गर्दी लोटते. उपवासाचा दिवस असला तरी आमच्या लोकांचा उपवास हा एरवीच्या जेवणाहून भरगच्च असतो, हे सांगणे नलगे. साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की हे सर्व पिशव्यांतून बाहेर पडते आणि झाडाखाली, पायऱ्यांवर, कधी लेण्याच्या आडोशालाही पंगती बसतात. पंगत उठते तेव्हा मागे काय राहते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सविस्तर सांगावयास नको. द्रोण, साली, पाण्याच्या बाटल्या आणि निम्मी टाकलेली खिचडी!

येथे शेगावच्या प्रकटदिनाचा मूळ प्रसंग आठवावा. महाराज प्रथम दिसले ते कोठे? देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, जेवणाच्या पंगतीनंतर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींजवळ. त्या पत्रावळींवरील शिते ते वेचून खात होते. अन्न हे ब्रह्म आहे, त्याचा एक कणही टाकावू नाही, हा पहिला उपदेश त्यांनी शब्दाविना केला. ज्या संताचे अवतारकार्यच टाकलेल्या पत्रावळीपासून सुरू झाले, त्याच्या प्रकटदिनाचा सोहळा करून निघालेल्या भक्ताने सातव्या दिवशी शंकराच्या दारात उष्टी पत्रावळ टाकून निघून जावे, याला काय म्हणावे? ग्रंथाची पारायणे आपण किती केली याची मोजदाद आपण अभिमानाने ठेवतो. पहिल्याच अध्यायातील हा धडा आपल्या आचरणात किती उतरला, याचीही मोजदाद कधीतरी ठेवली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. महाराजांना वैभवाचे वेड नव्हते. कृष्णाजी पाटलांच्या मळ्यातील शंकराच्या लहानशा देवळापाशी ते राहिले, आणि पिठले-भाकरीचा नैवेद्य त्यांना आजही दाखविला जातो. देवाजवळ बसण्यासाठी थाटमाट लागत नाही. शांत जागा आणि स्थिर मन एवढे पुरते, हेच त्यातून दिसते. लेण्यात नेमके हेच मिळते. बाराशे वर्षांची शांतता आपल्यासाठी तेथे राखून ठेविलेली आहे. ती आपण ध्वनिवर्धकावरील चित्रपटगीतांनी आणि प्रतिध्वनी ऐकण्यासाठी घातलेल्या आरोळ्यांनी भंग करावी, यासारखे दुर्दैव नाही.

यात्रिकाने पाळावयाचे नियम

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. शिवरात्र मंगळवारी आली तर घृष्णेश्वराचे दर्शन घडेल, परंतु लेण्यांसाठी दुसरा दिवस योजावा लागेल. शिवरात्रीच्या दिवशीच लेणी पाहिली पाहिजेत असेही नाही. घृष्णेश्वरी दाटी असताना लेण्यांतही दाटी होते, आणि दाटीत ना दर्शन घडते ना समाधान लाभते. शेगावहून एक-दोन दिवस आधी निघून सकाळच्या थंड वेळी कैलासात जाणारे कुटुंब अधिक भाग्यवान.

तेथे गेल्यावर सर्व ३४ लेणी एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. कैलास, त्याच्या शेजारचे दशावताराचे लेणे आणि धबधब्याच्या बाजूचे धुमार लेणे एवढी तीन सावकाश पाहिली तरी शिवभक्ताचा दिवस सार्थकी लागेल. प्रवेश करताच समोर दिसणारी गजलक्ष्मी, नंदीमंडप, दोन्ही बाजूंचे ध्वजस्तंभ, आणि कैलास पर्वत हलवू पाहणारा रावण या शिल्पांची ओळख वडिलांनी किंवा आजोबांनी मुलांना आपल्या तोंडाने करून द्यावी. रावणाने पर्वत हलविला, पार्वती भयभीत झाली, आणि महादेवाने केवळ पायाच्या अंगठ्याने पर्वत स्थिर केला, ही कथा ऐकत ते शिल्प पाहणारे मूल त्याच्यावर किल्ली चालविणार नाही. ज्याची गोष्ट ठाऊक आहे त्याची मोडतोड मुले करीत नाहीत.

बौद्ध आणि जैन लेण्यांतही हीच मर्यादा पाळावी. दुसऱ्याच्या देवघरात आपण जसे अदबीने वागतो तसेच तेथे वागावे. वेरूळचे मोठेपण हेच की, तीनही परंपरांचे साधक एकाच डोंगराच्या आश्रयाला आले. १९८३ साली वेरूळचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, चार वर्षांनी, १९८७ मध्ये, मुंबईजवळच्या घारापुरीचाही झाला. म्हणजे या लेण्यांची काळजी आता साऱ्या जगाला आहे. परंतु जगाला ती वारसा म्हणून आहे, आपल्याला ती देवालय म्हणून असावयास हवी. जगाहून आपली जबाबदारी अधिक आहे, उणी नव्हे.

कायद्याचा धाकही आहेच. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. परंतु देवाच्या दारात पोलिसाच्या भीतीने नीट वागावे लागणे, ही भाविक म्हणविणाऱ्याला शोभणारी गोष्ट नाही. शेगावात कोण शिक्षा करतो? तेथे आपण शिस्तीने वागतो, कारण आपल्या शेजारी उभा असलेला सेवाधारी आपल्याच गावचा, आपल्यासारखाच प्रापंचिक मनुष्य असतो आणि तो हात जोडून 'माउली, पुढे चला' म्हणतो. वेरूळच्या लेण्यांत असे सेवाधारी नेमलेले नाहीत. म्हणून तेथे प्रत्येक भाविक कुटुंबाने एका तासापुरते आपणच सेवाधारी व्हावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपला कचरा तर आपण उचलावाच, दुसऱ्याची पडलेली एक बाटलीही पिशवीत घालावी. भिंतीला हात लावणाऱ्या अनोळखी मुलाला रागे न भरता मायेने थांबवावे. तेवढ्याने आपली यात्रा पूर्ण होईल.

काही जण विचारतील, एवढ्याशा गोष्टीने एवढ्या मोठ्या डोंगरास काय होणार? त्यांना आम्ही एवढेच म्हणू, की तो डोंगरही एकेका घावानेच कोरला गेला आहे. एकेका ओरखड्याने तो विद्रूप होतो आणि एकेका जपलेल्या हाताने तो टिकतो. आजवर तो टिकला याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. येणाऱ्या पिढ्यांना आपलीही नावे ठाऊक नसावीत, परंतु त्यांना गजलक्ष्मी अखंड दिसावी आणि गाभाऱ्यातील शिवापुढे शांतपणे उभे राहता यावे, इतके आपल्या हाती निश्चित आहे.

सर्व भाविक कुटुंबांना प्रकटदिनाचे आणि महाशिवरात्रीचे हे पर्व मंगलमय होवो, अशी श्रीचरणी प्रार्थना.